मेंढवाड्याचे दगड

दरवर्षी हिवाळी शिबिर आटोपलं की माझ्या टेबलावर पन्नास-साठ अहवाल येऊन पडतात. मी साताऱ्यातल्या एका कॉलेजात शिकवते आणि गेली काही वर्षं विद्यार्थ्यांच्या सेवा योजनेचं काम माझ्या गळ्यात आहे. गळ्यात म्हणते खरी, पण ते मी मागून घेतलंय. अहवालाच्या शेवटी एक ठरलेला प्रश्न असतो, 'शिबिराने मला काय दिले?' त्याखाली पोरं मन लावून लिहितात. मी दुसऱ्यांसाठी जगायला शिकलो. माझ्यातला माणूस मला सापडला. श्रमाची लाज गेली. दोन वर्षांमागं एकीनं लिहिलं होतं की सात दिवसांत मी चांगली मुलगी झाले.

ते वाचून मला हसू आलं नाही. विसाव्या वर्षी मीही जवळपास तेच लिहिलं होतं आणि ते मला अगदी खरं वाटत होतं. त्याबद्दल मला दहा गुण मिळाले, वर उत्कृष्ट स्वयंसेविकेचं प्रमाणपत्रही मिळालं. ते आईच्या घरी सोप्यात अजून भिंतीवर आहे. त्याच्याच शेजारी शिबिराचा फोटो आहे. फोटोत मी एका लांबट दगडावर हात ठेवून उभी आहे, बोटांना चिंध्या बांधलेल्या आहेत, आणि तोंडावर असं हसू आहे की बघवत नाही. तो दगड चोरीचा आहे.

आमचं गाव सांगली जिल्ह्यात, कृष्णेच्या काठाला. चहूकडं ऊस. अशा गावात रिकामी जागा म्हणून काही नसतंच. वीतभर बांधासाठी सख्खे भाऊ बोलायचे थांबतात आणि प्रत्येक तुकड्याला सातबारा असतो. ऊस तुटून गेला की हिवाळ्यात रान महिनाभर मोकळं व्हायचं आणि मग मेंढरं यायची. वडील रानात मेंढरं बसवून घ्यायचे. दोन-तीनशे मेंढरं रात्रभर एका जागी बसली की त्या लेंड्यांवर पुढचा ऊस असा यायचा की बघत राहावं. दरवर्षी एकच घर यायचं. नवरा-बायको, त्यांची दोन पोरं, दोन घोडी आणि घोड्यांवर लादलेला सगळा संसार.

त्यातली बाई रोज सकाळी आमच्या नळावर पाणी भरायला यायची. आई तिला आक्का म्हणायची, ती आईला वैनी, मी तिला मावशी. माझ्या आठवणीतलं पहिलं कोकरू तिनं माझ्या मांडीवर ठेवलेलं आहे. ते ऊन ऊन होतं आणि त्यानं माझ्या फ्रॉकवर मुतून ठेवलं होतं. एकदा मला ताप आला, तर ती रोज तांब्याभर शेळीचं दूध देऊन जायची. आई तिला चहा द्यायची, सणाची पोळी बांधून द्यायची. दोघी उंबऱ्यावर बसून सासरच्या, बाळंतपणांच्या, गुडघ्यांच्या गोष्टी करत. इतकी वर्षं हे चाललं, पण तुमचं गाव कुठलं, असं आमच्या घरात तिला कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. माणदेशाकडनं येतात, एवढं आम्हाला पुरत होतं.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी आमचं शिबिर आटपाडीच्या पलीकडच्या एका गावात ठरलं. जानेवारीची सकाळ होती. मी बॅग घेऊन दारातनं बाहेर पडले, तेव्हा मावशी नळावर कळशी लावून उभी होती.

"कुटं निगालीस गं बाय?"

"शिबिराला. गावाची सेवा करायला."

"जा, पुण्य लागंल. कंच्या गावाला म्हनायचं?"

मला गाडी गाठायची होती. "लय लांब हाय मावशी, तुमाला नसंल ठावं," म्हणून मी निघाले.

हे वाक्य मला अजून आठवतं. नको तेव्हा आठवतं.

ते गाव म्हणजे आमच्या दृष्टीनं उघडंबोडकं होतं. सगळीकडं माळ, टेकाडं, कुसळं, बोरी-बाभळी. आम्ही उसातली पोरं, आम्हाला हिरवं नसलेलं सगळं पडीक दिसायचं. त्या गावाची कीव आली आणि कीव आली म्हणून आम्ही फार चांगले आहोत असं वाटायला लागलं. आम्हाला ओढ्यावर बंधारा घालायचा होता. तारेच्या जाळीत दगड भरायचे आणि त्याची भिंत रचायची. शेवटच्या दिवशी पाहुणे येणार होते, त्यांच्या हस्ते बंधाऱ्याचं उद्घाटन व्हायचं होतं.

मी मुलींची गटप्रमुख होते. पहिले चार दिवस ओढ्याकाठचे सुटे दगड वेचण्यात गेले. पाचव्या दिवशी जवळचे दगड संपले आणि भिंत कमरेइतकीच झाली होती. सर वैतागले होते. आमचे सर माणूस म्हणून चांगले, पण पाहुणे म्हटले की त्यांची झोप उडायची. ते म्हणाले, "परवापर्यंत भिंत छातीला लागली पाहिजे, नाहीतर काय दाखवायचं?" मला त्यांच्यापुढं काहीतरी करून दाखवायचं होतं. हे मी आज कबूल करते. तेव्हा त्याला मी जबाबदारी म्हणत होते.

टेकाडावर अर्ध्या वाटेत एक दगडी कुंपण होतं. गोल, छातीइतकं उंच, चुना-मातीशिवाय नुसतं दगडावर दगड बसवलेलं. आत बोरीच्या वाळक्या फांद्या पडल्या होत्या. एका बाजूला गुडघ्याएवढं दार होतं, माणूस रांगतच जाईल असं, आणि त्या दारावर एक लांबट सपाट दगड आडवा टाकलेला. त्या दगडाच्या एका टोकाला विळ्यासारखी वाकडी खोक होती. असे घडवल्यासारखे दगड आम्हाला पाच दिवसांत कुठं दिसले नव्हते.

मी गावात जाऊन विचारलं. अगदीच न विचारता हात घातला असं नाही. देवळापुढं एक म्हातारे फौजी पेन्शनर बसायचे, त्यांना विचारलं, "आवं आजोबा, टेकाडावरचं ते दगडाचं कुंपण कुणाचं हाय?"

"मेंढक्याचा वाडा हाय त्यो. कोकरं कोंडत्यात. आता न्हाईत मानसं, मेंढरं जगवाय गेल्यात खाली तुमच्याच मुलकात. मिरगाला येत्याल."

इतकं स्वच्छ सांगितलं त्यांनी. त्यात न समजण्यासारखं काही नव्हतं. मी टेकाडाकडं परत चालत आले, ती वाट दहा मिनिटांची. त्या दहा मिनिटांत मी काय विचार केला, ते आठवायचा मी पुष्कळ प्रयत्न केला आहे. मला वाटतं मी काहीच विचार केला नाही. सरांनी विचारलं, "कुणाचं आहे ते? विचारलंस का?"

"विचारलं सर. कुणाचं नाही. पडीक आहे."

माझ्या बरोबरची एक मुलगी आत डोकावून म्हणाली, "अगं, इथं कोनाड्यात हळदकुंकू आहे. कुणीतरी वापरतंय हे." मी म्हटलं, "जुनं असेल." कोनाड्यातला देवाचा तांदळा, हळदकुंकू लावलेला गोल दगड, मी उचलून नीट बाजूला एका बोरीखाली ठेवला, वर नमस्कार केला. देवाला दुखवायचं नाही एवढं मला कळत होतं.

मग आम्ही साखळी केली. टेकाडापासून ओढ्यापर्यंत सत्तर पोरं-पोरी हातभर अंतरावर उभी राहिली आणि दगड या हातातनं त्या हातात खाली जायला लागला. गाणी चालली होती. बोटं सोलली, त्यांना ओढणीच्या चिंध्या बांधल्या. एवढ्या जणांत मिसळून गेल्यासारखं मला आधी कधी वाटलं नव्हतं. खरं सांगते, त्या दिवशी जितका आनंद झाला तितका नंतर नोकरी लागली तेव्हाही झाला नाही. माणसाला इतका निर्मळ आनंद होत असेल, तर हातात चोरीचा माल कसा असेल? विसाव्या वर्षी मला हे गणित पटलं होतं. गावातले चार-दोन लोक येऊन बघूनही गेले, पण कॉलेजच्या कामाला गाव सहसा नाही म्हणत नाही.

दारावरचा तो लांब दगड बंधाऱ्याच्या टोकाला बसवला आणि त्यावर पांढऱ्या रंगानं शिबिराचं नाव लिहिलं. पाहुणे आले, नारळ फुटला, फोटो निघाले.

घरी आले तेव्हा मेंढरं आमच्या रानातनं पुढच्या गावाला गेली होती. आईनं फोटोला चौकट करून आणली आणि भिंतीवर लावली. आल्या-गेल्याला दाखवायची.

पुढच्या हिवाळ्यात मेंढरं आली, पण पंधरा दिवस उशिरा. दुपार होती. आई सोप्यात शेंगा फोडत बसली होती, मी अभ्यासाला. मावशी कळशी बाजूला ठेवून टेकली. ती वाळली होती.

"औंदा उशीर केलासा आक्का," आई म्हणाली.

"काय सांगू वैनी. मिरगाला घरी गेलो, बघतो तर वाडा न्हाई. दगुड न्हाई जाग्याव. कालिजची पोरं आलीती म्हनं, त्यांनी न्हेला."

"वाडा? न्हेला म्हंजी?"

"उचलून न्हेला. वड्यात घातला. माज्या आजेसासऱ्यानं, सासऱ्यानं एक-एक करून रचल्यालं दगुड. मेंढरं दिसभर चरायला जात्यात, कोकरं वाड्यात कोंडायची असत्यात. आता कुटं कोंडू? वाघरीची जाळी लावली, काट्या टाकल्या. लांडग्यानं जाळीखालनं उकरून दिवसाढवळ्या सात कोकरं न्हेली. मग आमी दोगं पावसाळाभर दगुड व्हायलो. ह्यांची कंबार धरली ती धरलीच."

"काय मेली पोरं तरी," आई म्हणाली. "आयबापानं काय शिकवलं न्हाई जनू."

मी पुस्तकाच्या त्याच ओळीवर होते. टेकाड, दार, हळदकुंकू हे सगळं एकदम मावशीचं झालं. ते परक्याचं होतं तोवर मला त्याचं काही वाटलं नव्हतं, आणि याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटली. बोलायचं तर तेव्हाच होतं. मी उठलेही होते. पण तेवढ्यात आई म्हणाली, "आमच्या हिलाबी गेल्या साली बक्षीस मिळालं. दाखवते थांबा." आणि तिनं फोटोची चौकट भिंतीवरनं काढून, पदरानं काच पुसून मावशीच्या हातात दिली.

मावशीला वाचता येत नव्हतं. ती अक्षरांकडं बघतच नव्हती. तिनं फोटो उजेडाकडं धरला. मग तिचं बोट काचेवर त्या दगडाच्या टोकाशी आलं, जिथं ती विळ्यासारखी खोक होती, आणि तिथंच थांबलं. आई कौतुकानं सांगत होती, हिनं काय काय केलं, सर काय म्हणाले. मावशीनं माझ्याकडं बघितलं.

"तू व्हतीस व्हय तितं? दगडाच्या कामाला?"

"न्हाई मावशी," मी म्हणाले. "मी सैपाकात व्हते. फोटोपुरती आले."

"बरं बाय," ती म्हणाली, आणि चौकट तिनं आईच्या हातात परत दिली, दोन्ही हातांनी.

त्यानंतर ती नळावर आली की मी मागच्या दारानं निघून जायची. नुसती तिची चाहूल लागली की पाय मागं वळायचे. आठवडाभरात त्यांनी मेंढरं हलवली. पुढच्या वर्षी ती आलीच नाहीत. वडिलांनी दुसरा कळप बघितला. आई म्हणाली, "आक्का का आली न्हाई कुनास ठावं, काय चुकलं आमचं."

मी सांगणार होते. आधी परीक्षा झाल्यावर सांगणार होते, मग नोकरी लागल्यावर, मग लग्नानंतर. दरम्यान मी सेवेचं माणूस म्हणून ओळखली जायला लागले. पूर आला की मदत गोळा करायला मी, रक्तदानाला मी, शिबिराला मी. लोक म्हणायचे, हिला लहानपणापासून समाजाची ओढ. काही वेळा ती ओढ खरीच होती. पण खालच्या दगडाला हात लावायची भीती वाटायची, कारण वरचं सगळं त्याच्यावर रचलेलं होतं. पोरांपुढं मी प्रामाणिकपणावर तास-तास बोलायची आणि बरं बोलायची. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, मेंढरांचा कळप रस्त्यात आडवा आला की मी गाडीची काच वर करायची.

मग दोन वर्षांमागं तो अहवाल आला. सात दिवसांत मी चांगली मुलगी झाले. ती मुलगी खरंच चांगली होती, हुशार होती, तिच्यात काही खोट नव्हती. पण मला त्या वाक्याचा इतका राग आला की मी वही भिंतीकडं भिरकावली. नंतर उचलली, पान सरळ केलं आणि गुण दिले. राग तिच्यावर नव्हता, हे सांगायला नकोच.

त्या वर्षी मी शिबिराचा एक गट पावसाळ्यात न्यायचा असं ठरवलं. वरिष्ठ म्हणाले, "पावसाळ्यात कुणी शिबिर घेतं का मॅडम?" मी म्हटलं, "तेव्हा त्या भागातली माणसं घरी असतात." त्यांना ते कळलं नाही, पण आता सेवेला श्रेयांक आहेत, आणि श्रेयांकांसाठी काहीही चालतं. जुलैत बारा विद्यार्थी घेऊन मी आटपाडीच्या पलीकडच्या त्या गावाला निघाले. गाडीत पोरांना सगळं सांगितलं, फौजी आजोबांचं, खोटं बोलल्याचं, सात कोकरांचं, आईपुढं दुसऱ्यांदा खोटं बोलल्याचं. एक शब्द गाळला नाही. माझं बोलून झालं आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मला वाटलं, उतरून परत जावं.

बंधारा अजून होता. जाळी दोन ठिकाणी गंजून फाटली होती, पण मागं ढोपरभर पाणी होतं आणि दोन म्हशी त्यात बसल्या होत्या. हे मी मुद्दाम लिहिते, कारण ते खरं आहे आणि त्यानं मला बरं वाटलं नाही. टोकाच्या लांब दगडावरचा रंग गेला होता. खोक तशीच होती.

घर शोधायला वेळ लागला, कारण मला तिचं नाव माहीत नव्हतं. "आमच्या रानात मेंढरं बसवायच्या त्या," एवढ्यावर गाव कसं सांगणार? शेवटी त्यांच्या दोन घोड्यांवरनं आणि तिच्या नवऱ्याच्या धरलेल्या कंबरेवरनं ओळख पटली. तिचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. ते इथं लिहीत नाही, एवढ्या उशिरा कळलेलं नाव चारचौघांत मिरवायचा मला हक्क नाही.

ती पत्र्याच्या पडवीत बसून मटकी निवडत होती. दारात चार शेळ्या होत्या. मेंढरं विकून टाकली होती, म्हातारा गेला होता, पोरगा सोनं-चांदी गाळायच्या गलाईच्या धंद्यात तामिळनाडूला होता. मी ओळख सांगितली तेव्हा तिनं डोळ्यांवर हात धरला.

"वैनीची व्हय तू? वैनी कशी हाय? गुडगं?"

"बरी हाय. मावशी, वाड्याचं दगुड मीच न्हेलं व्हतं. कुनाचा हाय ते ठावं असून न्हेलं. आन् तुमी इचारलंत तवा खोटं बोलले."

इतक्या वर्षांचं ओझं एका श्वासात संपलं. ती मटकीतला खडा शोधत होती, तो सापडल्यावर तिनं अंगणात टाकला.

"ठावं हाय," ती म्हणाली. "त्या दिशीच कळलं. बोटाला चिंध्या व्हत्या तुज्या फोटूत. सैपाकाच्या पोरीची बोटं भाजत्यात, अशी सोलत न्हाईत."

"मग बोलला का न्हाई?"

"वैनीम्होरं? कवापास्नं तिच्या दारचं पानी प्यालो आमी. तिनं पदरानं पुसून फोटू हातात दिला. तिला कसं सांगू, तुजी पोरगी अशी म्हनून?"

"आन् मग यायचं का बंद केलंसा? माझ्या रागानं?"

"राग आल्ता. कोकरांचा आल्ता, खोटं बोललीस त्याचा जास्त आल्ता." तिनं सूप बाजूला ठेवलं. "पर तू मागल्या दारानं जायाला लागलीस. मी बघत व्हते की. लेकीच्या जातीनं सोताच्या घरात चोरावानी का वागावं? म्हनून ह्यांना म्हनलं, ते रान सोडा आता."

मला रडू आलं. मी पोरांसमोर रडले. मी शिबिरात जे शिकले म्हणून लिहिलं होतं, ते या बाईला कुणी शिकवलं होतं? तिला दहा गुणही नव्हते आणि फोटोही नव्हता. माझ्या आईचा मान आणि माझी लाज, दोन्ही तिनं सांभाळली, आणि त्यासाठी चांगले पैसे-धान्य मिळणारं रान सोडलं. मला तिच्या पाया पडायचं होतं, पण तेही मला त्या साखळीतल्या गाण्यांसारखंच, मला बरं वाटावं म्हणून केल्यासारखं वाटलं. मी तशीच बसून राहिले.

पोरं मात्र अस्वस्थ झाली होती. त्यांनी हातमोजे आणले होते. गटप्रमुख पोरगा पुढं होऊन म्हणाला, "आजी, आम्ही सगळे दगड परत वर आणून वाडा बांधून देतो. दोन दिवसांत होईल."

"कशाला लेकरांनो? कोकरं कुटं हायत आता? वड्यातलं पानी जनावरं पित्यात, ते मोडू नगासा."

"मग दुसरं काही काम सांगा."

"काम न्हाई. बसा. च्या टाकते."

बसणं त्यांना जमेना. दोघं-तिघं उठून अंगण झाडायला लागले, ते झाडलेलंच होतं. एकीनं मावशीबरोबर फोटो काढायला मोबाइल वर धरला आणि माझ्याकडं बघून खाली घेतला. चहा झाला. निघताना मावशी दारापर्यंत आली आणि माझा दंड धरून मला बाजूला घेतलं.

"वैनीला सांगू नगंस हां. एवडं माजं ऐक. म्हातारपनी तिला कशाला?"

मी हो म्हटलं. मला वाटलं होतं, तिथून सरळ आईकडं जाऊन तिला सांगायचं, म्हणजे सगळं संपलं. ती वाट मावशीनं बंद केली, आणि ती बंद करायचा हक्क तिचाच होता.

अहवाल आले. बाराच्या बारा जणांनी चांगलं लिहिलं होतं. एकानं लिहिलं, 'आम्हाला प्रामाणिकपणाचे महत्त्व पटावे म्हणून मॅडमनी कुणाची तरी चूक स्वतःवर घेऊन गोष्ट सांगितली. अशा शिक्षिका लाभणे हे भाग्य.' मी लाल पेनानं खाली लिहिलं, 'गोष्ट नाही. खोटं मीच बोलले होते.' तो पोरगा वही घेऊन आला आणि अवघडून म्हणाला, "मॅडम, हे असंच पुढं पाठवायचं का? वाचायला बरं नाही वाटणार." मी म्हटलं, "असंच पाठव." त्यानं पाठवलं की नाही, ते मी तपासलं नाही.

दिवाळीआधी गावी गेले होते. घर झाडायला काढलं होतं. आई आता वाकून चालते, पण चौकटी पुसायचं काम कुणाला देत नाही. तिनं फोटो काढला, पदर ओला करून काच पुसली, मग कोरड्या बाजूनं पुन्हा पुसली. मी पायरीवर बसून बघत होते.

"त्या मेंढक्याची आक्का गं," ती म्हणाली. "तू तिकडं शिबिराला जातीस, कवा दिसली का? जिती हाय का तरी?"

"दिसली," मी म्हटलं. "बरी हाय. तुज्या गुडघ्याचं इचारत व्हती."

आई हरखली. चौकट तिनं छातीशी धरली.

"बघ," ती म्हणाली. "केल्यालं इसरत न्हाईत मानसं."

मग तिनं फोटो खिळ्याला अडकवला, आणि सरळ लागलाय का ते मला विचारलं. मी लागलाय म्हटलं.